एकच कथा, पुन्हा पुन्हा : भारतीय चित्रपटांतील पुनर्निर्मितीचा इतिहास

१/९
‘हल्ली चित्रपटसृष्टीला नवे काही सुचत नाही, जुनेच चित्रपट पुन्हा काढले जातात,’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तक्रारीत तथ्य आहे. पण ‘हल्ली’ हा शब्द इतिहासाला धरून नाही. भारतीय कथापट चार वर्षांचा झाला, तेव्हाच पुनर्निर्मितीला आरंभ झाला होता.

२/९
दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. १९१७ मध्ये फाळक्यांनी स्वतःच ती कथा पुन्हा चित्रित केली. पुढे १९३२ मध्ये कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने पहिला बोलपट काढला, तोही हरिश्चंद्रावरच : व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘अयोध्येचा राजा’.

३/९
या निवडीमागचा हिशेब समजण्यासारखा आहे. १९१३ मध्ये हलते चित्र नवे होते, १९३२ मध्ये ध्वनी नवा होता. माध्यम अनोळखी असताना कथा तरी घराघरांत ठाऊक असलेली बरी. तंत्र नवे, म्हणून कथा जुनी.

४/९
तरीही ही केवळ नक्कल नव्हती. १९१३ मध्ये तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. ती भूमिका साळुंके या पुरुषाने केली. १९३२ मध्ये तारामती झाल्या दुर्गा खोटे, मुंबईच्या प्रतिष्ठित घराण्यातील सुशिक्षित स्त्री. कथा तीच राहिली. एकोणीस वर्षांत समाज किती सरकला, हे मात्र त्या एका भूमिकेत दिसते.

५/९
निव्वळ व्यवसायाचे गणितही तितकेच जुने आहे. मूकपटांची लोकप्रिय नायिका सुलोचना (रूबी मायर्स) हिचे गाजलेले मूकपट इंपीरियल कंपनीने बोलपटांच्या काळात पुन्हा काढले. १९२८ च्या ‘अनारकली’त ती नायिका होती आणि १९३५ च्या बोलपटातही. १९५३ मध्ये बीना राय अनारकली झाली, तेव्हा सुलोचना सलीमच्या आईच्या भूमिकेत होती. ही स्मरणरंजनाची जुनी खूणच म्हणावी लागेल.

६/९
पुनर्निर्मितीचे सर्वांत समर्थ उदाहरण मेहबूब खान यांचे. त्यांनी १९४० मध्ये ‘औरत’ काढला आणि १९५७ मध्ये तीच कथा ‘मदर इंडिया’ म्हणून पुन्हा सांगितली. सावकार सुखीलालाच्या भूमिकेत दोन्ही वेळा कन्हैयालालच होते. दरम्यान देश स्वतंत्र झाला होता. नवा चित्रपट कालव्याच्या उद्घाटनाने सुरू होतो आणि एका शेतकरी स्त्रीचे दुःख नव्या राष्ट्राच्या उभारणीशी जोडले जाते. सतरा वर्षांनी त्या कथेला विचारण्यासारखा नवा प्रश्न दिग्दर्शकाजवळ होता.

७/९
याच्या उलट घडते, तेव्हा कथेचा कणाच हरवतो. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा (२०१६) सारा ताण जातिव्यवस्थेत होता. त्यावरून हिंदीत आलेल्या ‘धडक’मध्ये (२०१८) प्रेमकथा राहिली, गाणी राहिली, जातीचा प्रश्न मात्र पुसट झाला. यशाची पुनरावृत्ती झाली, आशयाची नाही.

८/९
आणखी एक विसंगती आहे. जुन्याचा एवढा सोस असलेल्या या उद्योगाने जुने चित्रपट जपले मात्र नाहीत. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याची एकही प्रत आज ज्ञात नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची मोजकीच रिळे उरली आहेत, आणि अनेक अभ्यासकांच्या मते तीही १९१३ ची नसून १९१७ च्या पुनर्निर्मितीची आहेत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये. तोवर मूकपटांचा बहुतांश वारसा नष्ट झाला होता.

९/९
म्हणून जुनी कथा पुन्हा सांगणे हा दोष ठरत नाही. फाळके, शांताराम आणि मेहबूब यांनी तेच केले. दोष आहे तो सांगण्यासारखे नवे काही नसताना केवळ ओळखीच्या नावावर तिकिटे विकण्यात. पुढच्या पुनर्निर्मितीची घोषणा होईल, तेव्हा दोन गोष्टी तपासून पाहाव्यात : या कथेत आज नवे काय दिसले आहे? आणि मूळ चित्रपटाची चांगली प्रत कुठे जपलेली आहे का?