पराभूत टोकिओंतील द्यूत

द्यूत हें संपन्नांचें व्यसन, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्या नगरांत हरण्यासारखें फारसें कांहीं उरलेलें नाहीं तेथेंही डाव मांडले जातात, हें १९८४ सालच्या ‘माजान होरोकि’ या जपानी चित्रपटावरून ध्यानांत येतें. नांवाचा अर्थ ‘माहजाँग खेळत भटकणाऱ्याचा वृत्तांत’. जपानबाहेर तो फारसा कोणास ठाऊक नाहीं.

स्थळ टोकिओंतील उएनो. काळ १९४५ च्या पराभवानंतरचा. त्या वर्षीं मार्चमधील एकाच रात्रींच्या बाँबवर्षावानें शहराचा पूर्वभाग जळाला होता व सुमारें १ लक्ष माणसें प्राणांस मुकलीं होतीं. शिधा अपुरा; म्हणून स्टेशनालगत काळा बाजार उभा राहिला. तेत्सु नांवाचा कोवळा पोरगा येथें फाशांच्या अड्ड्यावरून माहजाँगकडे वळतो. हा खेळ मूळचा चीनचा. १३६ सोंगट्यांची भिंत रचून चौघांनीं जुळण्या साधावयाच्या. भिंत रचतांना हव्या त्या सोंगट्या हव्या तेथें दडविण्याची हातचलाखी देतोकु हा मुरलेला जुगारी तेत्सूला शिकवितो. लबाडीलाही गुरुपरंपरा असते, ती अशी!

मूळ कादंबरी इरोकावा ताकेहिरो (१९२९–१९८९) यांची. ऐन तारुण्यांत ते स्वतः जुगाऱ्यांत वावरले होते. ‘सकाळ झाली, रात्रभर जागरण’ अशा अर्थाची कोटी साधणाऱ्या ‘आसादा तेत्सुया’ या टोपणनांवानें त्यांनीं ती लिहिली. दिग्दर्शक वादा माकोतो हे पेशानें चित्रकार. रंगीत चित्रपटांच्या त्या काळांत त्यांनीं हा पहिलाच चित्रपट कृष्णधवल काढला, हें उत्तम झालें. भग्नावशेषांना रंग शोभले नसते.

दोसाकेन नांवाचा जुगारी मायुमीच्या घराचे कागद पणास लावतो, आणि अखेर तिलाच योशिवाराच्या दलालापाशीं गहाण टाकतो. वाचकांस सभापर्व आठवेल. पण द्रौपदीला प्रश्न विचारावयास निदान सभा तरी होती. अमेरिकन लष्करी अंमलानें १९४६ च्या जानेवारींत परवान्याचा वेश्याव्यवसाय रद्द केला, तरी योशिवारा प्रत्यक्षांत १९५८ पर्यंत चालूच राहिला. दोसाकेनवर दिग्दर्शकाचा लोभ आम्हांस थोडा अधिक वाटला.

शेवटच्या डावांत देतोकूच्या हातीं ‘नऊ कमळांचा रत्नदीप’ ही अतिदुर्मिळ जुळणी येते. ती साधणारा मरतो, अशी जुगाऱ्यांची श्रद्धा. देतोकु पटावरच प्राण सोडतो. सोबती रडत नाहींत. मेला तो हरला, या न्यायानें ते त्याच्याजवळचें सारें काढून घेतात, आणि मग प्रेत त्याच्या घरापाशीं नेऊन टाकतात.