ताटकळणाऱ्या वाचकाचा नकाशा

१९९३ च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत स्टीव्ह पुट्झ या गृहस्थांनी जगाचा एक नकाशा वेबवर मांडला, तेव्हा वेब हे प्रकरण विद्यापीठांच्या व प्रयोगशाळांच्या कुंपणाबाहेर अजून फारसे पडलेले नव्हते. त्या नकाशाची रेखाटणी साधीच होती. नवल होते ते हे, की दूरच्या एका यंत्राने कोणा अनोळखी वाचकाच्या टिचकीसरशी त्याच्यापुरता स्वतंत्र नकाशा काढून पाठवावा. टिचकी पडली की विनंती सर्व्हरकडे जाई. सर्व्हर किनारे, नद्या आणि सरहद्दी यांच्या रेषा नव्याने ओढी, त्यांचे चित्र बनवी आणि ते नवे पान म्हणून परत धाडी. जवळून पाहायचे असल्यास एक दुवा, दुरून पाहायचे असल्यास दुसरा, नद्या नको असल्यास तिसरा, आणि दर खेपेस जुने पान पुसले जाऊन नवे भरेपर्यंत वाचकाने स्वस्थ बसावे, असा एकंदर व्यवहार होता.

पडद्यावरील नकाशाच्या त्यानंतरच्या तीस-बत्तीस वर्षांकडे पाहताना सामान्यतः उपग्रहांचे आणि यंत्रांच्या वाढत्या सामर्थ्याचे कौतुक केले जाते, आणि ते गैरवाजवी आहे असे नाही. परंतु मला तो इतिहास प्रामुख्याने प्रतीक्षेचा वाटतो. वाचकाला किती काळ ताटकळत ठेवावे, ताटकळण्याचा भार कोणी उचलावा आणि तो टाळण्यासाठी कशाचा त्याग करावा, या प्रश्नांना निरनिराळ्या वेळी जी उत्तरे मिळाली, त्यांनीच आजच्या नकाशाचा आकार, त्याचे प्रक्षेपण, इतकेच काय, त्यावर बोट कसे ठेवावे हेसुद्धा ठरवून टाकले.

१९९६ च्या फेब्रुवारीत ‘मॅपक्वेस्ट’ सुरू झाले. त्यामागची मंडळी संगणकवाल्यांपैकी नव्हती, आर. आर. डॉनेली या अमेरिकन मुद्रणसंस्थेच्या ज्या नकाशाखात्यातून ही कंपनी निघाली, त्या खात्याने पेट्रोलपंपांवर मिळणारे रस्त्यांचे नकाशे तयार करण्यात हयात घालवली होती. छापील नकाशाचे संस्कार त्यांच्या पडद्यावरही उतरले. मधोमध एक लहानसा चौकोन, त्याच्या कडांना बाण, बाजूला लहान-मोठे करण्याची पायरी-पायरीची पट्टी, आणि भोवती जाहिरातींची गर्दी. चौकोन लहान असे, कारण टेलिफोनच्या तारेवरून मोठे चित्र आणावयास फार वेळ लागे. नकाशा पूर्वेकडे सरकवायचा तर पूर्वेच्या बाणावर टिचकी, आणि मग पुन्हा तेच थांबणे. तरीही लोकांनी तो उचलून धरला, याचे कारण माझ्या मते नकाशात नव्हते. मुक्कामापर्यंतची वळणे ओळीने लिहून मिळत, ती कागदावर छापून गाडीत घेता येत. वाचकाचे काम नकाशा पाहण्यापूर्वीच पुरे होई.

प्रतीक्षेवरचा खरा उपाय एका भलत्याच उद्योगातून पुढे आला. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टला आपल्या माहितीकोशाच्या प्रणालीची ताकद जगापुढे सिद्ध करावयाची होती. त्यासाठी प्रचंड आकारमानाची आणि कोणाच्याही हरकतीची नसलेली अशी सामग्री हवी होती, आणि जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांना ती अमेरिकन भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या विमानछायाचित्रांत व रशियन उपग्रहांच्या चित्रांत सापडली. ‘टेरासर्व्हर’ या नावाने उभारलेल्या या संग्रहात त्यांनी छायाचित्रांचे प्रत्येकी दोनशे बिंदू लांबी-रुंदीचे तुकडे आधीच कापून ठेवले, त्यांचीच लहान केलेली रूपे वरच्या पायऱ्यांवर रचली, आणि वाचकाने मागितलेला प्रदेश म्हणजे अशा काही तुकड्यांची केवळ जुळणी, अशी व्यवस्था केली. मागणी आल्यावर काढायचे काही उरलेच नाही, फक्त वाढायचे उरले. लग्नघरी पंगत बसल्यावर कोणी लाडू वळावयास बसत नाही, तसे. एवढा मोठा शोध प्रदर्शनाच्या निमित्ताने, जणू चुकून लागावा, ही या क्षेत्राच्या इतिहासातील मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

त्या तुकड्यांना जिवंतपणा आला तो सिडनीत. लार्स आणि येन्स रासमुसेन हे डॅनिश बंधू, नोएल गॉर्डन आणि स्टीफन मा या ऑस्ट्रेलियन जोडीदारांसह, २००३ पासून ‘व्हेअर टू टेक्नॉलॉजीज’ या चिमुकल्या कंपनीत नकाशाचा एक प्रोग्राम लिहीत होते. तो संगणकावर उतरवून घेऊन चालवायचा होता. २००४ मध्ये गूगलने ही कंपनी विकत घेतली, परंतु गूगलला हवा होता तो ब्राउझरमध्येच चालणारा नकाशा, आणि तत्कालीन ब्राउझरांची कुवत पाहता ही मागणी अवघडच होती. ८ फेब्रुवारी २००५ रोजी जे लोकांपुढे आले त्यात कडांचे बाण गौण ठरले होते. माऊसने नकाशा धरावा आणि ओढावा. ओढत असतानाच दृष्टीबाहेरचे तुकडे पाठीमागून मागवले जात, आणि पान म्हणून जे काही होते ते जागचे हलत नसे. प्रतीक्षा नाहीशी झाली नव्हती, ती वाचकाच्या नजरेआड हलवली गेली होती. या घटनेला दहा दिवस होतात न होतात तोच, १८ फेब्रुवारीस जेसी जेम्स गॅरेट यांनी आपल्या लेखात अशा पद्धतीचे ‘एजॅक्स’ असे नामकरण केले आणि उदाहरणांत याच नकाशाचा दाखला दिला.

तुकड्यांचे माप पुढे प्रत्येक बाजूस २५६ बिंदू असे रूढ झाले. सर्वांत वरच्या पायरीवर सारी पृथ्वी एका तुकड्यात. खालच्या प्रत्येक पायरीवर एकाचे चार. हा चौपटीचा हिशेब ऐकावयास निरुपद्रवी वाटतो, पण अठराव्या पायरीवर, जेथे घरे ओळखू येतात तेथे, तुकड्यांची संख्या सुमारे ६,८७२ कोटी होते. त्यांतील बहुसंख्य तुकड्यांत निळ्या समुद्राखेरीज काहीही नसते, आणि ते कोणी कधी उघडूनही पाहत नाही, ही गोष्ट वेगळी.

परंतु गोल पृथ्वी चौरस तुकड्यांत बसवावयाची म्हणजे प्रक्षेपणाचा, गोलाचे सपाट चित्र कोणत्या रीतीने करावे याचा, प्रश्न आलाच. गूगलच्या नकाशाची पहिली आवृत्ती मर्केटरच्या प्रक्षेपणावर नव्हती. मग उत्तरेकडील स्टॉकहोमसारख्या शहरांत प्रत्यक्षात काटकोनात मिळणारे रस्ते पडद्यावर तिरपे मिळत, आणि ज्याला आपली गल्ली शोधायची आहे त्याला ते खटके. तेव्हा गेरार्डस मर्केटर यांनी १५६९ साली दर्यावर्द्यांसाठी सिद्ध केलेली पद्धत दफ्तरातून बाहेर काढण्यात आली. तीत कोन अबाधित राहतात, म्हणून होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाचा मार्ग सरळ रेषेत येतो, आणि त्याच गुणामुळे चौकातला काटकोनही काटकोनच राहतो. किंमत मोजावी लागते ती क्षेत्रफळात. ध्रुवाकडे जावे तसा प्रदेश फुगत जातो. ग्रीनलँड भारतापेक्षा अवाढव्य दिसते, वस्तुतः ते सुमारे २१.७ लक्ष चौरस किलोमीटर आणि भारत सुमारे ३२.९ लक्ष. शिवाय ध्रुव स्वतः अनंतावर जात असल्यामुळे, नकाशा चौरस व्हावा म्हणून तो उत्तर-दक्षिणेस सुमारे ८५.०५ अंशांवर सरळ छाटून टाकला जातो.

पंडितांना हे मानवले नाही. गणित सोपे राहावे, म्हणजेच वेळ वाचावा, म्हणून लंबगोल पृथ्वीचे अक्षांश-रेखांश गोलाच्या सूत्रात घालण्याची जी मोकळीक येथे घेतली होती, ती पाहून प्रक्षेपणांची अधिकृत वही सांभाळणाऱ्या मंडळाने या प्रकाराला प्रथम क्रमांकच नाकारला. मग प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपापसात ९००९१३ हा क्रमांक चालवला, जो इंग्रजी अक्षरांच्या आकाराशी जुळवून वाचल्यास ‘गूगल’ असा दिसतो. थट्टेने दिलेली ही सनद इतकी चालली की अखेर मंडळाला ३८५७ हा रीतसर क्रमांक देणे भाग पडले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या लष्करी नकाशाखात्याने हे प्रक्षेपण कामकाजात वापरू नये अशी ताकीद दिली, आणि २०१८ मध्ये गूगलनेही संगणकावर फार दुरून पाहणाऱ्यास सपाट जगाऐवजी गोल दाखवण्यास आरंभ केला. पंडितांचा आक्षेप शास्त्रतः बिनतोड होता. तरी आपली गल्ली शोधणाऱ्याची बाजू घेतली गेली यात अन्याय झाला असे मला वाटत नाही. शाळकरी मुलांनी खंडांची तुलना याच नकाशावरून करावी हा मात्र अन्यायच.

२००५ च्या वसंतात पॉल रॅडेमाकर यांनी कोणाची परवानगी न घेता घरभाड्याच्या जाहिराती गूगलच्या नकाशावर टाचल्या, आणि कंपनीने त्यांना दूषण देण्याऐवजी नोकरी दिली. जूनमध्ये सर्वांनाच तशी मुभा मिळाली. त्याआधी, २००४ मध्ये, स्टीव्ह कोस्ट यांनी लंडनमध्ये ‘ओपनस्ट्रीटमॅप’चा पाया घातला होता, आणि २०११ मध्ये कीव्हच्या वोलोदिमिर अगाफोंकिन यांनी ‘लीफलेट’ हे नकाशे मांडण्याचे अतिशय आटोपशीर साधन मोफत खुले केले. अवघ्या चाळीसेक किलोबाइटांत ते मावते. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रालाही आपला नकाशा मांडता येऊ लागला तो या तिघांच्या कृपेने.

ही सारी रचना माऊसला डोळ्यांपुढे ठेवून झाली होती, आणि २००७ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोनवर दोन बोटे फाकवून नकाशा मोठा करून दाखवला तेव्हा तिचे निम्मे आधार निखळले. माऊसचा बाण नुसता रोखला तरी गावाचे नाव उमटे. बोटाला नुसते रोखणे ठाऊक नाही, ते एक तर टेकते किंवा टेकत नाही. बाणाचे टोक एका बिंदूचे. बोट जे दाखवते तेच झाकून टाकते. म्हणून बटणे मोठी करावी लागली (ॲपलने त्यासाठी ४४ एककांचे किमान माप घालून दिले), बाजूची सूची पडद्याच्या तळाशी सरकती झाली, रंगखुणांचा तक्ता एका चिन्हाआड गेला. सर्वांत चमत्कारिक अडचण लेखात मध्येच घातलेल्या नकाशाची. वाचक लेख वर सरकवत असतो, बोट नकाशावर पडते, लेख जागच्या जागी थांबतो आणि नकाशाच कोठेतरी अरबी समुद्रात निघून जातो. यावर तोडगा निघाला तो दोन बोटांनी नकाशा हलवावा आणि एका बोटाने पान, असा. आजही कित्येक संकेतस्थळांवर ही साधी तजवीज केलेली आढळत नाही, आणि तिच्या अभावाचा ताप फोनधारक निमूटपणे सोसतात. प्रवासात तुकड्यांची चित्रे आणणेही महाग पडे, तेव्हा २०१० च्या अखेरीपासून चित्रांऐवजी रेषांचा तपशील पाठवून रेखाटणी फोनवरच करण्याची रीत आली. पुट्झ यांच्या सर्व्हरने केलेले काम आता वाचकाच्या खिशात होऊ लागले.

याच काळात नकाशाला वाचकाचे ठिकाण कळू लागले. नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम घातलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली होती; २००७ च्या नोव्हेंबरमध्ये गूगलने, ज्यांच्या फोनमध्ये जीपीएस नाही त्यांनाही, मोबाइलच्या मनोऱ्यांच्या आधाराने अदमासे ठिकाण दाखवण्यास सुरुवात केली. ते ठिकाण दाखवणाऱ्या निळ्या ठिपक्याभोवतीचे फिकट वर्तुळ, म्हणजे आपण या परिघात कोठेतरी आहोत अशी कबुली, हे मला पडद्यावरील नकाशाचे सर्वांत सभ्य लेणे वाटते. छापील नकाशांनी आपली अनिश्चितता इतक्या उघडपणे क्वचितच मान्य केली असेल.

हिंदुस्थानात आल्यावर मात्र या नकाशाला रस्त्यांची नावे सांगून भागेना. येथे वाट सांगायची ती मारुतीच्या देवळाकडून, पंपाच्या अलीकडून, शाळेसमोरून. २००९ च्या डिसेंबरात गूगलने आपल्या मार्गदर्शनात अशा खुणांचा अंतर्भाव प्रथम भारतासाठी केला. सरकारी धोरण त्यामानाने सावकाश हलले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करी आणि खुल्या अशा दोन मालिका वेगळ्या केल्या, आणि नकाशे करण्यासाठी पूर्वपरवानगीचे ओझे बऱ्याच अंशी उतरले ते १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ‘महाभूनकाशा’ हे जमिनींच्या नकाशांचे सरकारी संकेतस्थळ हा या इतिहासातील एक निराळाच अध्याय आहे. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या जमीन-पाहणीने पुणे प्रांतात उडालेला गोंधळ निस्तरण्यासाठी १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी जमाबंदी आरंभली, आणि पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याची पद्धत पक्की केली; तेहतीस फुटांच्या साखळीने शेते मोजली जात, साखळीच्या चौरसाचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. त्या परंपरेतले गाव-नकाशे पिढ्यान्‌पिढ्या भूमी अभिलेखाच्या कपाटांत होते. आज ते फोनवर उघडतात. परंतु संकेतस्थळ प्रथम ग्रामीण की नागरी ते विचारते, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि अखेरीस गट क्रमांक. हा क्रम दफ्तराच्या मांडणीचा आहे. आपल्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला ‘मी येथे आहे, हे कोणाचे?’ एवढेच विचारायचे असते. हद्दीची तक्रार असेल तर या नकाशाने ती मिटतही नाही. त्यासाठी मोजणीचा अर्ज द्यावा लागतो, फी भरावी लागते, लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात आणि भूकरमापकाची तारीख पडते. त्याच्या हाती आता साखळीऐवजी उपग्रहांच्या संकेतांवरून मोजणारा ‘रोव्हर’ असतो, आणि तो येईपर्यंत थांबावे लागते.