हवेच्या वाटेवरचा पहारा

१५ ऑक्टोबर २००१ रोजी वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या एका कचेरीत अँथ्रॅक्सची पूड भरलेले पाकीट उघडले गेले. तेथील हवेची यंत्रणा थांबवली, माणसांना औषध दिले. मात्र ज्या ब्रेंटवुड टपालगृहातून ते पाकीट गेले, ते २१ तारखेपर्यंत चालूच राहिले. टपाल छाटणारी यंत्रे तेथे दाबाच्या हवेने साफ होत. जंतू श्वासात जाऊन दोन टपालकामगार दगावले.

मे २००२ मध्ये अमेरिकी सरकारच्या कामगार-आरोग्य संस्थेने इमारतींसाठी उपाय सांगितले: हवा घेणारी तोंडे उंचावर न्या, यंत्रखोलीला कुलूप लावा, योग्य गाळण्या बसवा. उपाय रास्तच. पण उभी हयात कामगारांत काढलेले आम्ही विचारतो, पहारा कोणाच्या हवेवर? सभागृहाइतकाच तो टपालखान्यावरही हवा.