एका चलातील असमानता

बीजगणितात दोन राशींमधील लहान-मोठेपणाचा संबंध सांगणाऱ्या आणि एकच चल असलेल्या विधानाला एका चलातील असमानता किंवा असमीकरण असे म्हणतात. समीकरणाची उकल बहुधा मोजक्या संख्यांची असते. असमानतेची उकल मात्र बहुधा संख्यांचा एक संच असतो. हा संच संख्यारेषेवर दाखवतात.

चिन्हे

< (पेक्षा लहान) आणि > (पेक्षा मोठे) ही चिन्हे इंग्लिश गणिती थॉमस हॅरियट यांच्या निधनानंतर १६३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळतात. ≤ आणि ≥ या चिन्हांत समानतेचाही समावेश होतो.

सोडवण्याची रीत

दोन्ही बाजूंत समान संख्या मिळवली, वजा केली किंवा दोन्ही बाजूंना समान धन संख्येने गुणले वा भागले, तर चिन्ह कायम राहते. ऋण संख्येने गुणल्यास वा भागल्यास चिन्ह उलटते. कारण ३ < ५ असले तरी −३ > −५ असते. उदाहरणार्थ,

७ − २क्ष ≤ १
−२क्ष ≤ −६
क्ष ≥ ३

चिन्ह न उलटल्यास क्ष ≤ ३ असे उत्तर येते; त्यात क्ष = ० घेतल्यास ७ ≤ १ असे असत्य विधान मिळते.

चलाचे चिन्ह ठाऊक नसताना चलाने गुणणे सदोष ठरते. १/क्ष < २ या असमानतेत धन व ऋण क्ष यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो. तिची उकल क्ष < ० किंवा क्ष > १/२ अशी आहे. सरसकट क्ष ने गुणल्यास सर्व ऋण उकली निसटतात.

संख्यारेषेवरील आलेख

सीमाबिंदू उकलीत असल्यास भरीव वर्तुळ, नसल्यास पोकळ वर्तुळ काढतात आणि उकलीचा भाग ठळक करतात. क्ष ≥ ३ साठी ३ वर भरीव वर्तुळ काढून त्याच्या उजवीकडील रेषा ठळक करतात.

चलाच्या किमतींचे बंधन

आलेख काढण्यापूर्वी चल कोणत्या संख्या घेऊ शकते हे पाहावे लागते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या सातपेक्षा कमी आणि सतरापेक्षा अधिक नसते. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा असो वा राज्यातील अन्य गाव, सदस्यसंख्या न मानल्यास ७ ≤ न ≤ १७ हीच असमानता लागू होते. मात्र न पूर्णांक असल्याने तिचा आलेख सलग रेषाखंड नसून ७ ते १७ हे अकरा सुटे बिंदू असतात. याउलट लांबी, वजन यांसारख्या राशींसाठी सलग रेषाखंड काढतात.