मठाचें नांव आणि राज्याची सीमा

राजसत्तेनें एखाद्याचें घर जप्त केलें, शेत काढून घेतलें, चीजवस्तु लिलावांत विकली, तर इतिहासाच्या वाचकास त्यांत नवल वाटत नाहीं. परंतु एखाद्याचें नांव जप्त करतां येतें काय, आणि येत असल्यास कोठपर्यंत? हा प्रश्न वरवर शाब्दिक दिसतो. पण विसाव्या शतकाच्या आरंभीं तीन देशांच्या न्यायासनांपुढें तो खरोखरच उभा राहिला. त्यांतील एक पक्ष संसाराचा त्याग केलेल्या संन्याशांचा होता, आणि वादाचा विषय होता मद्याच्या बाटलीवरील एक शब्द. मद्याची भलावण करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु व्यापारचिन्हाचें मर्म इतक्या स्पष्टपणें दाखविणारें उदाहरण क्वचितच सांपडेल.

फ्रान्सच्या आग्नेय भागांत, ग्रनोब्ल शहराजवळच्या डोंगरांत, संत ब्रूनो यानें इ. स. १०८४ मध्यें एका मठाचा पाया घातला. तोच ‘ग्रांद शार्त्रूझ’ मठ, आणि तेथील संप्रदाय तो कार्थूशियन. वनस्पतींच्या अर्काची कृति असलेलें एक हस्तलिखित १६०५ मध्यें एका सरदारानें संप्रदायास दिलें, असें मठाची परंपरा सांगते. १७३७ मध्यें त्यावरून औषधी अर्क सिद्ध झाला व पुढें त्यांतून हिरवें आणि पिवळें अशीं दोन मद्यें निघालीं. त्यांत १३० वनस्पती पडतात असें म्हणतात. कृति मात्र मोजक्या मठवासीयांसच ठाऊक. या मद्यास ‘शार्त्रूझ’ हेंच नांव पडलें. क्रूस धारण केलेला पृथ्वीगोल आणि ‘एल. गार्निए’ ही मठाच्या कारभाऱ्याची सही या त्याच्या खुणा होत. लौकिक वाढला तशा नकला निघाल्या, म्हणून मठानें आपली छाप स्वदेशाप्रमाणें इंग्लंडांत व अमेरिकेंतही नोंदवून ठेविली. ही सावधगिरी किती मोलाची होती, हें पुढें दिसून आलें.

१९०१ च्या फ्रेंच कायद्यानें धार्मिक संघांस सरकारची मान्यता घेणें भाग पाडलें. कार्थूशियनांस ती नाकारण्यांत आली आणि एप्रिल १९०३ मध्यें सैनिकांनीं त्यांस मठाबाहेर काढलें. कारखाना व व्यापारचिन्ह न्यायालयानें नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हातीं गेलें व पुढें एका कंपनीस विकलें गेलें. कृति मात्र कोणाच्याही हातीं लागली नाहीं. संन्यासी स्पेनमधील तारागोना येथें गेले आणि तेथें पूर्वीचेंच मद्य काढूं लागले. फ्रेंच न्यायालयांनीं नव्या धन्याचा हक्क उचलून धरला, त्यामुळें फ्रान्समध्यें मठवासीयांस आपलेंच नांव वापरण्याची बंदी झाली. एकाकडे नांव होतें पण कृति नव्हती. दुसऱ्याकडे कृति होती पण नांव नव्हतें.

मग हा वाद समुद्रापार गेला. इंग्लंडांत तो लॉर्ड्सच्या सभेपर्यंत पोंचला. १९१० मध्यें तेथें असा निर्णय झाला कीं, फ्रेंच कायद्याची सत्ता फ्रान्सच्या सीमेपाशीं संपते. इंग्लंडांतील छाप व लौकिक संन्याशांचाच आहे. अमेरिकेंत नव्या धन्याच्या बाजूनें ‘हें तर प्रदेशाचें नांव’ असा युक्तिवाद झाला. परंतु १९११ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो मानला नाहीं. न्यायमूर्ति ह्यूज यांनीं लिहिलेल्या निकालानें मठाचा हक्क कायम केला. ग्राहकाच्या मनांत त्या शब्दानें डोंगर उभा राहत नव्हता, मठवासीयांचें हस्तकौशल्य उभें राहत होतें.

इकडे फ्रान्समधील कंपनीची स्थिति खालावत गेली. १९२९ च्या सुमारास तिचे भाग मातीमोल झाले, तेव्हां मठाच्या हितचिंतकांनीं ते विकत घेऊन संन्याशांस अर्पण केले, आणि नांव पुन्हां कृतीपाशीं आलें.

या कथेचा बोध ‘शेवटीं सत्याचाच जय होतो’ एवढाच काढणें भाबडेपणाचें होईल. फ्रान्समध्यें सुमारें पंचवीस वर्षें सत्य कृतीच्या बाजूस होतें, आणि जय कागदाचा होता. परदेशांत न्याय मिळाला तो तेथें लौकिक आधींच रुजला होता, आणि नोंदही वेळींच झाली होती म्हणून.

१८८३ च्या पॅरिस करारानें व १८९१ च्या माद्रिद करारानें अनेक देशांतील संरक्षणाची वाट सुलभ केली. भारतांत व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा १९४० मध्यें झाला, आणि २०१३ पासून माद्रिद व्यवस्थेचें दार भारतीय व्यापाऱ्यासही उघडें आहे. एकाच अर्जानें अनेक देशांत दाद मागतां येते. पण पहिल्या पांच वर्षांत मायदेशची मूळ नोंद पडली, तर तिच्यावर उभारलेली आंतरराष्ट्रीय नोंदही कोसळते, आणि मग देशोदेशीं नवे अर्ज करून हक्क सांवरावा लागतो. सोय झाली, परंतु अनेक फांद्या एका मुळास बांधल्या गेल्या. कार्थूशियनांचीं मुळें प्रत्येक भूमींत निराळीं होतीं, म्हणूनच घरचें झाड तोडलें गेलें तरी बाहेरचीं उभीं राहिलीं.

आपल्या मालाचें नांव दूरदेशीं पाठविणाऱ्यानें हा भेद ध्यानांत ठेवावा. कायदा नांवाचें रक्षण करूं शकतो, तें दुसऱ्यास देऊंही शकतो. त्या नांवामागचा विश्वास निर्माण करणें मात्र त्याच्या हातीं नाहीं.