गाठोड्यातले मूळ

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंबा हा प्रसिद्ध तिठा आहे. रत्नागिरीकडून येणारा रस्ता इथे महामार्गाला मिळतो. महामार्ग नव्हता, तेव्हा या भागातली माणसे रत्नागिरी बंदरातून जहाजाने मुंबई गाठत. पोट भरायला निघालेल्या या माणसांजवळ काय असे, याची एक बारीकशी नोंद विल्यम डायमॉक यांनी करून ठेवली आहे. डायमॉक हे मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचे प्रमुख. वॉर्डन आणि हूपर यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला. दक्षिण कोकणातून मुंबईत येणारे बहुतेक मजूर एका मुळाचा थोडासा साठा जवळ बाळगतात आणि पोटातल्या कळांवर त्याचा उपयोग करतात, असे त्यात नोंदवले आहे. हे मूळ सर्पगंधेचे.

पुढे साठ वर्षांनी याच मुळाने रक्तदाबावरच्या उपचारांत क्रांती केली. मग पिढ्यान्‌पिढ्या ते वापरणाऱ्यांना हा गुण कसा कळला नाही? उत्तर सोपे आहे. रक्तदाब मोजण्याचा दंडपट्टा इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली तयार केला, आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकून दाब ठरवण्याची पद्धत रशियाच्या कोरोटकॉफ यांनी १९०५ साली दिली. डायमॉक यांचा ग्रंथ त्याआधीचा. जी गोष्ट मोजताच येत नव्हती, तिच्यावरचे औषध ओळखणार कसे? जे डोळ्यांना दिसते तेवढे मात्र लोकांनी नेमके टिपले होते. बिहारकडे हे मूळ वेडावरचे औषध म्हणून विकले जाई, कारण ते घेतल्यावर बेभान माणूस शांत होतो हे कोणालाही दिसत होते.

१९३१ साल या कथेत महत्त्वाचे. त्या वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी हे मूळ वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळातून अल्कलॉइडे वेगळी काढल्याचे जाहीर केले. त्यांतल्या एकाला त्यांनी हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ हे नाव दिले. पण या शुद्ध स्फटिकांनी मुळाची शामक शक्ती काही पुरती उलगडेना.

कारण रसायनशास्त्राच्या नेहमीच्या रीतीत होते. बहुतेक अल्कलॉइडे आम्लारीधर्मी असतात. आम्लात त्यांचे क्षार होऊन ती पाण्यात उतरतात आणि राळ, तेल मागे राहते. सर्पगंधेतले मुख्य द्रव्य मात्र फारच सौम्य आम्लारी आहे. ते पाण्यात न उतरता राळेतच अडकून बसे. एरवी टाकून द्यावा असा हा चिकट गाळ! स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी तोच तपासला आणि १९५२ साली रेसर्पिन हाती आले.

त्याआधी तीन वर्षे मुंबईत पाया घातला गेला होता. केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना मुळाच्या गोळ्या देऊन केलेल्या नोंदी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापल्या. ते वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवल्या, आणि तिथून हे औषध जगभर गेले. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. आपल्या शालेय पुस्तकांत त्यांचे नाव सापडत नाही, हे मला खटकते.

रेसर्पिन करते काय? नॉरअॅड्रिनॅलिन, सेरोटोनिन, डोपामिन ही द्रव्ये चेतातंतूंच्या टोकांशी इवल्या पिशव्यांत साठवलेली असतात. रेसर्पिन या पिशव्या भरू देत नाही. साठा संपतो, रक्तवाहिन्या सैलावतात, मन मंदावते. जास्त मात्रेने काही रुग्णांना तीव्र नैराश्य आले, आणि पुढे नवी औषधे आल्यावर रेसर्पिन मागे पडले. स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी रेसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचले, तेव्हा ते थोड्याच वेळात हालचाल करू लागले. १९५७च्या या प्रयोगातून डोपामिनचे कार्य आणि कंपवाताचे औषध यांचा रस्ता सापडला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

आता मजुरांच्या पोटदुखीकडे येऊ. रेसर्पिनने आतड्यांची हालचाल वाढते, जुलाबही होतात. तेव्हा कळांवर हे मूळ कितपत उपयोगी पडत असेल, याची मला शंकाच आहे. शामक गुणाने दुखणे सुसह्य होत असेल, इतकेच. कोकणात पटकीवर हे मूळ ईश्वरीच्या, म्हणजे सापसनच्या मुळाबरोबर देत, असेही डायमॉक लिहितात. ही जोडी आज धोक्याची ठरते, कारण ईश्वरीच्या कुळातील अॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडे निकामी करते आणि कर्करोगही घडवते.

म्हणून ओळख महत्त्वाची. नावात ‘गंध’ असूनही सर्पगंधेच्या वाळलेल्या मुळाला वास जवळजवळ नसतो. ईश्वरीचे मूळ मात्र कापरासारखे दरवळते. सर्पगंधेचे मूळ वेडेवाकडे, पिवळट-करडे आणि चवीला जहर कडू असते (चव विद्यार्थ्यांना मुळीच घेऊ देऊ नये). त्याची साल सहज सुटते, आणि बहुतेक अल्कलॉइडे सालीतच असतात. साल सोलून गेलेला माल म्हणजे नुसते लाकूड. भेसळीत सापडणारी चार पानांची सर्पगंधा मूळची अमेरिकेची असून आपल्याकडे पडीक जागी वाढते. तिच्या मुळाच्या पातळ छेदात सूक्ष्मदर्शकाखाली जाड भिंतींच्या अश्मपेशी दिसतात. खऱ्या सर्पगंधेत त्या नसतात, आणि तिच्या बुचाच्या थरात जाड-पातळ पेशींचे पट्टे आलटूनपालटून येतात. शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाला एवढे जमते.

किलोभर वाळलेल्या मुळातून रेसर्पिन निघते जेमतेम एक-दीड ग्रॅम. दिवसाची मात्रा पाव मिलिग्रॅम धरली, तर एका ग्रॅममध्ये चार हजार मात्रा. वुडवर्ड यांनी १९५६ साली हा रेणू प्रयोगशाळेत घडवला, पण ती रीत इतकी लांबलचक की मूळ खणणेच स्वस्त पडले. खणले की झुडूप संपते, आणि कामाचे मूळ तयार व्हायला दीड वर्ष तरी लागते. १९९० साली सर्पगंधेचा समावेश ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. तेव्हापासून तिचे मूळ देशाबाहेर न्यायचे, तर परवाना लागतो.