चूर्णाचा एकजीवपणा आणि त्याचे मापन

नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात यज्ञदक्षिणेच्या गाईंची व कार्षापणांची संख्या अंकांनी कोरलेली आहे. गाय मोजता येते, नाणेही मोजता येते. त्याच जुन्नरच्या व शेजारच्या आंबेगावच्या पश्चिम डोंगरांतून महादेव कोळी समाज जो हिरडा पिढ्यानुपिढ्या गोळा करीत आला आहे, तो मात्र एकदा कुटून दुसऱ्या चूर्णांत मिसळला की अशा गणनेच्या बाहेर जातो.

हिरड्याची मराठी नावे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. बाळहिरडा, चांभारी हिरडा आणि सुरवारी हिरडा ही तीन निरनिराळी झाडे नव्हेत. एकाच झाडाच्या फळाच्या कोवळेपणापासून पक्वतेपर्यंतच्या या अवस्था होत. कातडे कमावणाऱ्याचा धंदा तर एका नावात सरळच उतरला आहे. भाषेने फळ वेगळे ओळखले, भुकटी ओळखली नाही. भुकटीसाठी तिच्याजवळ ‘वस्त्रगाळ’ आणि ‘एकजीव’ हे दोनच नेमके शब्द दिसतात. पैकी पहिल्याला शास्त्राचा आधार आहे : अत्यंत शुष्क द्रव्य चांगले कुटून वस्त्रातून गाळले म्हणजे ते चूर्ण, असे शार्ङ्गधरसंहिता सांगते. ही कसोटी कणांच्या बारीकपणाची आहे, मिश्रणाची नव्हे. त्रिफळा चूर्णात हिरडा, बेहडा व आवळा समभाग घ्यावेत, हा नियम संपूर्ण पात्रापुरता पाळला जातो. रोग्याच्या चमच्यातही ते समभाग आले की नाही, हे ठरविण्यास डोळा, बोट व जीभ यांखेरीज साधन नव्हते.

‘एकजीव’ हा शब्द येथे थोडा फसवा आहे. कणीक पाण्यात एकजीव होते. कोरडी चूर्णे कधीच होत नाहीत, कण शेवटपर्यंत वेगळेच राहतात. पी. व्ही. डँकवर्ट्‌स यांनी १९५२ मध्ये आणि पी. एम. सी. लेसी यांनी १९५४ मध्ये मिश्रणाचे जे गणित मांडले, त्याचे मर्म हेच. साध्या ढवळण्याने गाठावयाची मर्यादा म्हणजे कणांची यादृच्छिक मांडणी, आणि तिचा निर्णय नमुना केवढा घेतला यावर अवलंबून असतो. ओंजळभर चूर्णात जी विषमता लपते ती चिमटीत उघडी पडते. हा मुद्दा पुढे न्यायालयातही गेला. १९९३ मध्ये बार लॅबोरेटरीजविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेतील न्यू जर्सीचे न्यायाधीश आल्फ्रेड वोलिन यांनी मिश्रणपरीक्षेचा नमुना एका मात्रेच्या जवळपास, फार तर तिप्पट असावा, असे ठरविले. तथापि नळीने नमुना उपसताना मिश्रणाची मांडणीच विस्कटते, ही अडचण राहिलीच.

तिच्यावरचा उपाय प्रकाशाकडून आला. तांबड्या रंगापलीकडील उष्ण किरण विल्यम हर्शेल यांनी इ. स. १८०० मध्ये तापमापकाने शोधले होते. पण त्यांतील दृश्य प्रकाशालगतचा, सुमारे ७८० ते २५०० नॅनोमीटरचा निकट-अवरक्त पट्टा रसायनज्ञांनी दीर्घकाळ उपेक्षिला, कारण तेथील शोषणरेषा क्षीण व एकमेकींत मिसळलेल्या असतात. अमेरिकी कृषिखात्यातील कार्ल नॉरिस यांनी धान्यातील ओलावा मोजताना या दोषाचाच उपयोग केला. शोषण क्षीण म्हणून किरण न दळलेल्या, न विरघळविलेल्या पदार्थातही थोडे आत शिरतात व विखरून परततात. औषधनिर्मितीत हेच तत्त्व फिरत्या मिश्रकाच्या काचेतून वापरले गेले. सेकुलिक व सहकाऱ्यांचा १९९६ चा निबंध यात पायाभूत आहे. एकापाठोपाठ घेतलेल्या वर्णपटांतील प्रमाण विचलन उतरत जाऊन स्थिरावले, की ढवळणे थांबवावयाचे. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषधनियामकांनी अशा प्रक्रियेतील मापनाला मार्गदर्शिकेद्वारे प्रोत्साहन दिले.

त्रिफळ्याला मात्र ही पद्धत जशीच्या तशी लागू पडणे कठीण. शुद्ध रासायनिक औषध आणि त्याचे पूरक द्रव्य यांचे वर्णपट बहुधा स्पष्ट भिन्न असतात. हिरडा, बेहडा व आवळा ही तिन्ही टॅनिन, तंतू व पाणी यांचीच बनलेली. शिवाय पाण्याचे ठळक पट्टे १४५० व १९४० नॅनोमीटरच्या आसपास पडतात. उन्हात कडक वाळलेला हिरडा आणि पावसाळी हवेत दमट झालेला हिरडा यांतील फरक यंत्राला मिश्रणाचा दोष भासू शकतो. म्हणून अंशशोधनासाठी घ्यावयाच्या नमुन्यांत निरनिराळ्या ऋतूंतला, निरनिराळ्या डोंगरांवरचा आणि पक्वतेच्या निरनिराळ्या अवस्थांतला माल असावाच लागतो. आणि कोणते फळ कोणत्या अवस्थेत तोडले, हे सांगणारा माणूस प्रयोगशाळेत नसून भीमाशंकराच्या उतारावर असतो.